अर्थिंग

"मॅडम, अर्थिंग मिळंना झालंय तुमच्या मशिनला."

पेशंट हे बोलले तेव्हा त्यांच्या कवटीला भोक पाडून झालं होतं. मेंदूत मायक्रोइलेक्ट्रोड उतरत होते आणि माझ्या स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. मी न्यूरोफिजिऑलॉजिस्ट आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, डीबीएस (मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून विजेची स्पंदनं देण्याच्या) शस्त्रक्रियेत मेंदूतल्या पेशींचा आवाज ऐकून इलेक्ट्रोड कुठे पोचलाय हे सर्जनना सांगणं हे माझं काम. घरघर 50 हर्ट्झची, विजेच्या लाइनची होती. ऑपरेशन टेबलाची पिन काढली, पेशंटवर गरम हवा सोडणारं मशीन बंद केलं. घरघर राहिलीच. शेवटी पेशंटकडून येणारी रेफरन्सची वायर, म्हणजे जिच्याशी तुलना करून मेंदूतला सिग्नल मोजतात ती, तपासली तर तिचा क्लिप सैल. तो घट्ट केल्याबरोबर स्पीकर शांत झाला. काकांनी बरोबर सांगितलं होतं.

काका इचलकरंजीचे. तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. शेडमध्ये चाळीस माग खडखडत असताना कुठला माग बिघडलाय ते नुसतं कानानं ओळखायचे, असं त्यांचा मुलगा मला आदल्या दिवशी सांगत होता. मग उजवा अंगठा थरथरायला लागला, हात जड झाला. मागावरची तुटलेली सुताची तार सांधायची गाठ जमेना, त्या दिवशी त्यांनी स्वतःहून काम सोडलं. डोपामिन हे मेंदूतलं हालचालीसाठी लागणारं रसायन भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळ्यांनी बरीच वर्षं साथ दिली. पण पुढे पुढे गोळीचा असर उतरला की अंगाचं लाकूड व्हायचं आणि चढला की हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायचे. या दोन्हींच्या मधला धड असा वेळ दिवसातून जेमतेम दोन-तीन तास उरला होता.

शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद. त्यामुळे आजार पूर्ण उघडा पडतो आणि आम्हाला नेमकं तेच हवं असतं. पेशंटला मात्र ती रात्र फार कठीण जाते. सकाळी डोक्याला चार स्क्रूंनी फ्रेम बसवली, तेव्हा काकांना कूससुद्धा बदलता येत नव्हती. मेंदूला स्वतःला वेदना नसते, म्हणून भूल फक्त डोक्याच्या कातडीला, आणि पेशंट जागा.

आमचं लक्ष्य होतं सबथॅलॅमिक न्यूक्लियस. मसुराच्या डाळीच्या आकाराचा, काही मिलिमीटरचा पेशींचा पुंजका, मेंदूच्या पार खोलात. एमआरआयवर तो दिसतो, पण अर्ध्या-एक मिलिमीटरची चूक तिथे महागात पडते. म्हणून लक्ष्याच्या 10 मिलिमीटर वरून ऐकायला सुरुवात करायची आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने खाली जायचं. आधी थॅलॅमस या वरच्या भागातल्या पेशींची तुरळक टकटक आली. मग दोनेक मिलिमीटर जवळजवळ शांतता. आणि मग एका टप्प्यावर स्पीकर एकदम भरून गेला. पत्र्यावर वळवाचा पाऊस कोसळावा तसा.

"ह्यो आवाज माझ्या डोक्यातला?"

"हो काका."

ते जरा वेळ ऐकत राहिले. मी त्यांचं मनगट हलकेच वाकवलं, सोडलं, पुन्हा वाकवलं. दर वेळी त्या कोसळण्यात एक पेशी ठळक तडतडली. हालचालीशी जोडलेला भाग हाच, हे त्यावरून कळतं. मी आकडे लिहून घेत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पेशी मरत्यात म्हणाला व्हता न्हवं? मग आवाज कमी व्हायचा सोडून वाढला कसा?"

विद्यार्थ्यांना मी मेंदूतल्या या जोडण्यांची आकृती कित्येक वर्षं शिकवतेय. हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मरतात त्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी, दुसऱ्या जागेच्या. या पुंजक्याला दाबून ठेवणारा वेगळाच भाग आहे. डोपामिन कमी पडलं की तो दबून जातो आणि हा पुंजका मोकाट सुटतो. हा जितका गरजतो तितका हालचालीला पुढे अडसर."

"म्हंजे मुकादमाचं तोंड बांधलं आन शेड मोकाट."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

ही जागा माणसाला सापडली तीही विचित्र वाटेने. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे थिजले. घरगुती बनावटीच्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं विष होतं आणि ते नेमकं डोपामिनच्या पेशी मारत होतं, हे न्यूरोलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांनी शोधलं. त्याच विषाने माकडांत कंपवात तयार करता आला. 1990 मध्ये न्यूरोलॉजिस्ट महलॉन डिलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माकडांचा हा पुंजका निकामी केला, तर ती पुन्हा हलू-फिरू लागली. त्याआधीच, 1987 मध्ये, फ्रान्समधल्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी दाखवलं होतं की पेशी न जाळता, जलद विद्युत स्पंदनं सतत देऊनही कंप थांबवता येतो. 1993 मध्ये त्यांच्याच गटाने ती स्पंदनं या पुंजक्यात दिली. ती माकडं नसती तर काकांना देण्यासारखं आमच्याकडे फार काही नव्हतं, हे मी विसरत नाही.

आता चाचणी. सेकंदाला 130 स्पंदनं, करंट अर्ध्या मिलिअँपिअरपासून वर. एकला फरक नाही. दीडला मनगट माझ्या हातात सैल पडलं. गंजलेली बिजागरी तेल मिळाल्यावर सुटावी तसं. तीनला ओठाचा उजवा कोपरा ओढला गेला आणि मी म्हणायला सांगितलेले वार, "सोमवार, मंगळवार", अडखळले, म्हणजे करंट शेजारच्या तंतूंत पसरत होता. दीड ते तीन, एवढी मोकळी जागा पुरेशी होती. मी दोनवर आणलं.

अंगठा आणि तर्जनी उघडझाप करायला सांगितलं. जमलं. मग मला तारेची गाठ आठवली. मी सिस्टरांकडे रेशमी टाक्याचा धागा मागितला, त्यांनी मधोमध कापून दोन तुकडे काकांच्या हातात दिले. डावा हात अजून थरथरत होता, त्याची बाजू सुरू व्हायची होती. त्यांनी त्यात एक टोक नुसतं धरून ठेवलं. पहिली गाठ सुटली. दुसऱ्यांदा उजव्या अंगठ्याने टोक वळवलं, फासातून काढलं आणि ओढलं. सगळं न बघता, कारण फ्रेममुळे मान हलवता येत नव्हती.

"ओढून बघा," ते म्हणाले.

मी ओढून बघितलं. गाठ पक्की होती.

इलेक्ट्रोड पक्का करून, एक्स-रे बघून आम्ही दुसऱ्या बाजूला वळलो. ड्रिल थांबलं, मी स्पीकर सुरू केला, तसा निळ्या पडद्याखालून आवाज आला, "अर्थिंग तपासलं का?"

मी उठून क्लिप पुन्हा दाबून बघितला.