सगळ्यांची बोट सेम

१९०० च्या आसपासचं यॉट रेसिंग म्हणून नेटवर शोधलंत तर समोर येतात ते सगळे बड्या लोकांचे फोटो. जर्मनीचा कैसर आणि त्याच्या ‘मेटिऑर’ नावाच्या बोटी, चहावाले सर थॉमस लिप्टन आणि त्यांच्या एकामागून एक ‘शॅमरॉक’. लिप्टनसाहेबांनी १८९९ ते १९३० मध्ये अमेरिकाज कपसाठी, म्हणजे यॉट रेसिंगमधल्या सगळ्यात मानाच्या कपसाठी, पाच वेळा आव्हान दिलं आणि पाचही वेळा हरले, चहा मात्र जोरात खपला. १९०३ ला त्यांना हरवणारी ‘रिलायन्स’ १४४ फूट लांब होती आणि तिची शिडं मिळून १६ हजार चौरस फुटांच्या वर, म्हणजे आपल्याकडचे वीसेक टू बीएचके अंथरले तर जेवढी जागा होईल तेवढं कापड एका डोलकाठीवर. आणि ही बया १९१३ मध्ये भंगारात गेली. दहा वर्षं, खेळ खल्लास.

मला यात फार रस नाही हे आधीच सांगतो. मी डब्लिनला राहतो, आणि इथे त्याच काळातल्या, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छोट्या बोटी अजून दर उन्हाळ्यात रेस करतात, त्यामुळे माझं मत आधीपासूनच एका बाजूला झुकलेलं आहे.

तर झालं असं की १८८६ मध्ये टॉमस मिडलटन नावाच्या इथल्याच एका गृहस्थाने डोकं लावलं. त्याचं म्हणणं साधं होतं, रेसमध्ये दरवर्षी कोणीतरी नवीन, जास्त महागडी बोट घेऊन येतो आणि जिंकतो, मग बाकीच्यांनी करायचं काय, टाळ्या वाजवायच्या? त्यापेक्षा सगळ्यांनी एकाच नकाशावरून बोटी बांधा, शिडं तेवढीच, वजन तेवढंच, आणि मग बघू कोणाला खरंच बोट चालवता येते. १८८७ मध्ये ‘वॉटर वॅग’ हा क्लास, म्हणजे एकसारख्या बोटींचा गट, सुरू झाला. तेरा फुटी उघडी होडी, दोन्ही टोकं निमुळती, किनाऱ्यावरून ढकलत पाण्यात न्यायची. यालाच पुढे वन-डिझाइन म्हणायला लागले आणि आज जगभर असे कितीतरी क्लास आहेत, पण पहिला मान या वॅगचा.

१९०० मध्ये वॅगवाल्यांच्या क्लबला वाटलं आता जरा मोठी बोट हवी. नवीन डिझाइन आलं किंग्जटाउनच्या (आताचं डन लिअरी) डॉयल यांच्या बोटयार्डातून, आणि ते काढलं होतं त्यांच्या मुलीने, मेमी डॉयलने. सव्वाचौदा फूट, फळीवर फळी चढवून बांधलेली, दोन माणसांत चालते. हे १९०० साल आहे, आयर्लंडमध्ये काय किंवा इंग्लंडमध्ये काय बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं, आणि इथे अख्खा क्लब एका मुलीने आखलेल्या बोटीत बसून एकमेकांशी भांडतोय. तेच डिझाइन आजही चालू आहे, नवीन वॅग बांधली तरी त्याच नकाशावरून.

दुसरीकडे काय चाललं होतं तेही बघा. १९०७ पासून युरोपात एक इंटरनॅशनल रूल लागू झाला, त्यात बोटीची लांबी, रुंदी, घेर, शिडाचं क्षेत्रफळ असं सगळं एका फॉर्म्युल्यात घालायचं आणि उत्तर मीटरमध्ये यायचं. म्हणून सिक्स मीटर बोट सहा मीटर लांब नसते, चांगली लांब असते, नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो. डिझाइनर लोकांना हा फॉर्म्युला म्हणजे मेजवानी, इथे कापा तिथे वाढवा, उत्तर सहाच आलं पाहिजे. या बोटी दिसायला अप्रतिम हे कबूल. पण १९०८ च्या ऑलिंपिकला सेव्हन मीटर क्लासमध्ये पाण्यात उतरली एकच बोट! ‘हिरोइन’ तिचं नाव, तीच धावली आणि तिलाच गोल्ड. बारा मीटरला दोन बोटी होत्या, म्हणजे शेवटी येऊन सिल्व्हर. जाता जाता, त्या ‘हिरोइन’वर चार्ल्स रिव्हेट-कर्नाक आणि त्यांची बायको फ्रान्सिस होते, आणि हे तेच कर्नाक घराणं ज्यातल्या मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने आपलं कर्नाक बंदर आणि तो मस्जिदजवळचा जुना कर्नाक पूल (आता त्याच्या जागी सिंदूर पूल).

असो, परत डब्लिनकडे. माझी खरी लाडकी बोट होथ सेव्हन्टीन. होथ म्हणजे डब्लिनच्या उत्तरेचं मासेमारीचं बंदर, लोकलने अर्धा तास. वॉल्टर बॉइडने डिझाइन केलं, पहिल्या पाच बोटी उत्तरेला कॅरिकफर्गसला जॉन हिल्डिचच्या यार्डात बांधल्या आणि १८९८ च्या एप्रिलमध्ये सुमारे ९० मैल समुद्रातून हाकत होथला आणल्या. एप्रिलमधला आयरिश समुद्र! पाण्याच्या पातळीवर लांबी सतरा फूट, टोकापासून टोकापर्यंत साडेबावीस फूट. या क्लासच्या बोटी अजून त्याच शिडांच्या पद्धतीने रेस करतात.

या बोटींचं वैशिष्ट्य म्हणजे टॉपसेल. मोठं शीड चौकोनी, त्याच्या वरच्या तिरप्या काठीच्या आणि डोलकाठीच्या मध्ये जी त्रिकोणी जागा रिकामी राहते तिथे अजून एक शीड, त्याला स्वतःच्या दोन लांब काठ्या बांधलेल्या, आणि हे सगळं लटांबर दोराने खेचत टोकापर्यंत वर चढवायचं. हलक्या वाऱ्यात बोट मस्त पळते कारण वरचा वारा मिळतो. वारा वाढला की तेच वरचं वजन बोटीला आडवं करायला बघतं. मग खरी मजा, उतरवायचं की ठेवायचं? उतरवताना वेळ जातो आणि काठ्या डोक्यात बसायची भीती, नाही उतरवलं तर अजून वाईट. जो तो शेजारच्या बोटीकडे बघत बसतो की आधी कोण घाबरतो. बोट सेम असल्यामुळे बोटीला दोष देता येत नाही, हे मला फार आवडतं.

आता याच होथ बंदराचा दुसरा किस्सा, रेसिंगचा नाही, क्रूझिंगचा, म्हणजे बोट घेऊन भटकण्याचा. लेखक अर्स्किन चाइल्डर्स आणि त्यांची बायको मॉली, लग्नात मॉलीच्या आईवडिलांनी आहेर काय दिला तर यॉट, ‘असगार्ड’. नॉर्वेत कॉलिन आर्चरने १९०५ मध्ये बांधलेली, पन्नासेक फुटी, इंजिन नाही. मॉलीला लहानपणीच्या दुखापतीमुळे चालायला त्रास व्हायचा, पण सुकाणू धरायला पक्की. दोघं उन्हाळ्यात बाल्टिककडे भटकायचे. आणि १९१४ च्या जुलैमध्ये याच हौशी बोटीतून त्यांनी आयरिश व्हॉलंटिअर्स या आयरिश राष्ट्रवाद्यांच्या सशस्त्र संघटनेसाठी ९०० रायफली आणल्या. मूळ कल्पना मेरी स्प्रिंग राइसची, तीही बोटीवर होती, शिवाय डोनेगलचे दोन कोळी. वेल्सहून ३ जुलैला निघाले, बेल्जियमच्या बाजूला भर समुद्रात रात्री जर्मन टगवरून (मोठी जहाजं ओढणारी बोट) माल घेतला, केबिन बंदुकांनी एवढी भरली की झोपायचं बंदुकांवर गाद्या टाकून. येताना वादळ लागलं. आणि तरीही ठरल्याप्रमाणे २६ जुलैला, रविवारी दुपारी, नुसत्या शिडावर, बरोबर होथच्या धक्क्याला! तीन आठवडे समुद्रात काढून दिलेली वेळ पाळणं, माझी लोकल सिग्नल असूनही पाळत नाही.

ती असगार्ड आता डब्लिनच्या म्युझियममध्ये कोरडी उभी आहे, कॉलिन्स बॅरक्सला, तिकीट नाही, जाऊन बघा. आत एवढ्याशा जागेत सहा माणसं आणि ९०० रायफली कशा मावल्या हे ती बघूनही मला नीट कळलेलं नाही.

वॅग बघायच्या तर उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी डन लिअरीच्या धक्क्यावर उभं राहायचं, बंदराच्या आतच रेस असते त्यामुळे त्यांची आरडाओरड पण ऐकू येते. जॅकेट घ्या, जुलै असला तरी.