पिकअप शॉर्ट झालाय, नवीन घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण महिन्यातून एकदा तरी कोणीतरी हेच विचारतं, "दादा, इलेक्ट्रिक गिटारचा आवाज गेला, जॅकवर मल्टीमीटर लावला तर शून्य दाखवतोय, पिकअप शॉर्ट ना?" (पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखालचा, चुंबक आणि तारेच्या वेढ्यांची कॉइल असलेला भाग, जो तारांची कंपनं सिग्नलमध्ये बदलतो.)

आधी सांगा, मोजताना व्हॉल्यूमचा नॉब कुठे होता? हसू नका, मी स्वतः असंच शून्य बघून घाबरलो आणि रात्रीच नवा पिकअप मागवला, मग लक्षात आलं की व्हॉल्यूमच बंद होता. नॉब शून्यावर नेला की पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर, सिग्नलची वायर सरळ ग्राउंडला जोडतो, म्हणजे शॉर्टच तो, पण मुद्दाम केलेला.

तर नॉब फुल करा, केबल बदलून बघा, आणि मग मोजा. स्ट्रॅट गिटारसारखा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, साधारण ६ किलो-ओहम दाखवतो, हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा, ७ ते ९ च्या आसपास, सर्किटमध्ये असताना थोडं कमीच येतं. तरीही शून्य आलं तर पिकअपची सिग्नलवाली वायर पॉटवरून सोडवून एकटा पिकअप मोजा. तिथे आकडा बरोबर आला तर पिकअप ठीक आहे, जॅकचं टोक शील्डिंगच्या फॉइलला टेकलंय का ते बघा, बऱ्याचदा तेच असतं.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते अर्ध्या शॉर्टने. एक हंबकरवाली गिटार आली होती, आवाज चालू पण पातळ, आणि हम (घूंऽऽ असा सततचा आवाज) वाढलेला, मीटरवर ८ च्या जागी ४.१. हंबकरमध्ये दोन कॉइल एकामागे एक जोडलेल्या असतात आणि हम एकमेकींचा मारतात, त्या दोघींमधला जो जोड असतो त्यावरची टेप उन्हाळ्यात सुटली होती आणि जोड पॉटच्या पाठीला टेकून बसला होता, म्हणजे एक कॉइल आपोआप बाद. नवीन हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) घातलं, काम झालं.

खरंच कॉइल आतून शॉर्ट होते का? होते, जुन्या सिंगल कॉइलमध्ये तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, चुंबक गंजले की तारेचं इनॅमल जातं. तार ०.०६ मिलीमीटरची, हजारो वेढे, त्यातले थोडेच आपसात चिकटले तर मीटरवर फारसा फरक पडत नाही पण ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीक्ष्णपणा, मेलेला असतो. हे घरी दुरुस्त होत नाही, रिवाइंड करणाऱ्याकडेच द्या. आणि मीटर ओपन दाखवत असेल तर तो शॉर्टच नाही, तार तुटलीये.

हो, आणि गिटारच्या तारांना हात लावल्यावर झटका बसत असेल तर पिकअप उघडत बसू नका, आधी अँपचा प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या.

माझा तो रात्री मागवलेला पिकअप अजून ड्रॉवरमध्ये पॅकबंद आहे.