वुयीच्या कड्यांमधला चहा

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं चीनच्या फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरात होतो. चहाची खुडणी तिथे एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत चालते, म्हणून हीच वेळ धरली. प्रांताची राजधानी फूचौ, तिथून वेगवान रेल्वेने तासा-दीड तासात पोचता येतं. तिकिटाला पासपोर्ट लागतो.

'पाण्याचा पडदा' नावाच्या गुहेपासून 'दा होंग पाओ' या इथल्या सर्वांत प्रसिद्ध चहाच्या झुडपांपर्यंत एक पायवाट जाते. ती चुकवू नका. दोन्ही बाजूंना तांबड्या खडकाचे कडे आणि मधल्या चिंचोळ्या घळीत, दगडी बांधांवर चहाचे वाफे. ऊन मोजकं, खडकातून पाणी झिरपत असतं. या चहाला 'यान-चा', म्हणजे खडकचहा, म्हणतात. समोरून माणसं पानांच्या टोपल्यांची कावड घेऊन येत होती आणि आम्ही कड्याला चिकटून वाट देत होतो. दार्जिलिंगची 'दोन पानं, एक कळी' इथे विसरायची; इथे चांगली उमललेली तीन-चार पानं खुडतात. वाट शेवाळलेली आहे, चपला नकोत.

वाटेच्या टोकाला कड्यावरच्या छोट्या ओट्यावर दा होंग पाओची सहा मूळ झुडपं. दिसायला अगदी साधी! २००६ पासून त्यांची खुडणी बंद आहे. त्यामुळे कुणी 'मूळ झाडाचा' म्हणून चहा विकू लागला तर हसून पुढे निघा. बाजारातला दा होंग पाओ कलमांपासून वाढवलेल्या झुडपांचा असतो, बहुतेकदा मिश्रणच.

मी फसलो ते वेगळ्याच बाबतीत. पानं सुकवून, हलवून, कडा लालसर झाल्या की परततात, मग कोळशाच्या राखेखालच्या मंद आचेवर बांबूच्या टोपल्यांत पुन्हा पुन्हा भाजतात. हे काम पुढे काही महिने चालतं. मी हौसेने नुकताच भाजलेला घेतला, तर कपात नुसता धूर. मे महिन्यात गेलात तर मागच्या वर्षीचा मागा, आणि चाखल्याशिवाय पैसे देऊ नका. मला 'रौ ग्वेई' हा खडकचहाचा प्रकार आवडला. वासात दालचिनी, आणि घोट गिळल्यावर घशात बराच वेळ रेंगाळणारा गोडवा.

करायचा असा: ११० मिली झाकणाच्या वाटीत ८ ग्रॅम पत्ती, खळखळतं पाणी, दहा सेकंदांत ओतून घ्यायचं. सात-आठ वेळा निघतो. दूध-साखर अर्थातच नाही.

पाकीट घरी मसाल्याच्या डब्यांपासून लांब ठेवा. आमच्या एका पाकिटाला वेलचीचा वास लागलाय.