लाळेतलं कॉर्टिसॉल आणि घरातलं भांडण

कॉर्टिसॉल, म्हणजे तणावात शरीरात वाढणारं संप्रेरक (हार्मोन), मोजणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते आकडा हातात आल्यावर त्याचा अर्थ लावणं. मार्क फ्लिन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाचं डॉमिनिकातलं काम त्यासाठीच बघण्यासारखं आहे. (डॉमिनिका म्हणजे २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालनं पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा काढल्या ते वेस्ट इंडीजमधलं बेट. डॉमिनिकन रिपब्लिक हा देश वेगळा.) तिथल्या ब्वा मावेगो या खेड्यातल्या मुलांच्या लाळेचे नमुने त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं घेतले, शक्यतो दिवसातून दोनदा.

लाळच का? सुई टोचली की मूल घाबरतं आणि तेवढ्यानंच कॉर्टिसॉल चढतं. लाळेला ती अडचण नाही, शिवाय तिच्यात प्रथिनांना न चिकटलेलं, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं कॉर्टिसॉल सापडतं. एक-दोन मिलिलिटर लाळ पुरते. पण गडबड व्हायला जागा भरपूर. नुकतंच काही खाल्लेलं असलं, हिरड्यांतून रक्त येत असलं किंवा दम्यासाठी स्टेरॉइड चालू असलं, तर नमुना बिनकामाचा. मूल धावत आलं असेल तरी आकडा वर जातो. एखाद्या प्रसंगाचा परिणाम लाळेत दिसायला साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, त्यामुळे या क्षणीचा नमुना मघाचं काहीतरी सांगत असतो.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल कळस गाठतं आणि मग रात्रीपर्यंत उतरत जातं. सकाळी सातचा आकडा दुपारी चारच्या आकड्याशेजारी मांडला, तर प्रत्येक मूल सकाळी तणावात दिसेल! म्हणून घड्याळ बघून भागत नाही. मूल किती वाजता उठलं ते विचारायचं आणि उठल्यापासून तेवढ्याच वेळानं घेतलेल्या नमुन्यांच्या सरासरीशी तुलना करायची.

आणि सोबत रोजची नोंद हवीच: घरात कोण होतं, कोणाचं कोणाशी वाजलं, मुलाला मार बसला का, शाळा होती का. या नोंदींमुळेच कळलं की मुलांचं कॉर्टिसॉल सर्वांत जोरात उसळतं ते घरातल्या भांडणानं. एकट्या आईची मुलं सरसकट तणावात असतात, ही समजूतही इथे टिकली नाही. आजी किंवा इतर नातलग हाताशी असले, तर त्या मुलांची पातळी तुलनेनं आटोक्यात होती. सावत्र बापाच्या घरात ती जास्त आढळली. तिथेही एकाच छपराखाली राहणाऱ्या मुलांत फरक होता: आईच्या आधीच्या नात्यातल्या मुलाचं कॉर्टिसॉल त्याच्या धाकट्या सावत्र भावंडापेक्षा वरचढ. घर तेच, जेवण तेच. घराचं उत्पन्न आणि खोल्या एवढंच विचारणाऱ्या प्रश्नावलीत हा फरक कधीच दिसला नसता.

तणावाच्या प्रसंगानंतरच्या काही दिवसांत मुलं जास्त आजारी पडत, हेही आढळलं. इथे मात्र जपून. आजारपणातही कॉर्टिसॉल वाढतं, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे ठरवायचं तर आजार सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांचे नमुने असावे लागतात. मूल खोकायला लागल्यावर डबी घेऊन गेलं, तर ते दिवस निघून गेलेले असतात.