लकव्यानंतरचे महिने आणि आमची रविवारची रन

मागच्या डिसेंबरची गोष्ट. आम्ही सात-आठ जण रोज सकाळी साडेपाचला नागपूरच्या फुटाळा तलावावर भेटतो, सेमिनरी हिल्सचा चढ चढायचा, परत यायचं आणि मग तर्री पोहे, सहा वर्षं झाली हे चालू आहे. त्या दिवशी आमचा एक मित्र, वय ४३, बुटाची लेस बांधत बसला होता आणि त्याला ती बांधताच येईना. आम्ही म्हटलं थंडीनं बोटं आखडली असतील. मग तो काहीतरी बोलला, शब्द नुसते घसरत आले, तोंडाची उजवी बाजू लोंबलेली. ग्रुपमधल्या एकीच्या आईला लकवा मारलेला, तिनं ओळखलं, म्हणाली दोन्ही हात वर कर. उजवा वर गेलाच नाही.

ती नसती तर आम्ही त्याला घरी नेऊन झोपवलं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. गुठळीमुळे लकवा (स्ट्रोक) आला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतोच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. म्हणून तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी तेल चोळत बसू नका हो, किती वाजले ते बघा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात, आणि १०८ लावा.

त्याचा जीव वाचला, दहाव्या दिवशी घरी आला. मला वाटलं झालं, सुटलो.

मार डाव्या मेंदूला, म्हणून उजवी बाजू गेली आणि बोलणंही. पाणी पाहिजे एवढं सांगता यायचं नाही, पण संध्याकाळी गणपतीची आरती सुरू झाली की हा सगळी म्हणायचा, वहिनी पहिल्यांदा ऐकून रडायलाच लागल्या. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या की असं होतं, पाठ असलेलं आणि चालीवरचं बऱ्याचदा शाबूत राहतं, त्याचाच धागा धरून पुढे जायचं. मग महिनाभर ते घर "पाणी द्या" चालीवर म्हणून राहिलं होतं. हाताचं तसंच. कप उचल, ठेव, उचल, ठेव, शंभर-शंभर वेळा. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला भाग त्याचं काम थोडंफार शिकतो, आणि शिकतो तो फक्त करून करून. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात जोरात होते, म्हणजे थांबायला वेळच नाही. (आणि पेशंटला लुळ्या हाताला धरून उठवू नका, खांदा निखळतो. मी एकदा उठवलं होतं, त्याचं कण्हणं विसरत नाही.)

हॉस्पिटलचं बिल इन्शुरन्सनं दिलं. घरच्या थेरपीचा एक रुपया नाही. फिजिओच्या एका व्हिजिटचे ५००, स्पीचचे ७००, महिन्याला पंचवीस हजारांच्या वर, आणि दुकान बंद. आम्ही मित्रांनी वाटून घेतलं, जमलं. पण नंतर तो थेरपी सेंटरवर जायला लागला तेव्हा शेजारच्या गादीवर एक ऑटोवाले काका यायचे, तीन आठवडे आले, काठीशिवाय चार पावलं टाकायला लागले आणि यायचेच बंद झाले. फोन केला तर काकू म्हणाल्या, भाऊ, त्यांना आणायचं म्हणजे माझी रोजी बुडते.

ते ऐकून रन ठरली. या रविवारी, सकाळी सहाला, फुटाळ्यावरून, १० किलोमीटर, आमचे बारा जण. दर किलोमीटरमागे तुम्हाला जमेल ते, दहा रुपये द्या, शंभर द्या. पैसा थेट सेंटरवर पेशंटच्या नावानं भरायचा, पावत्या ग्रुपवर टाकायच्या, त्यात थेरपी आणि येण्याजाण्याचं भाडं दोन्ही धरलंय, कारण भाड्यापायीच माणसं गळतात. आमचा मित्र पळू शकत नाही अजून, पायात आधाराचं स्प्लिंट आहे, पण हिशोबाची वही त्याच्याकडे आहे आणि डाव्या हातानं लिहायचं नाही असं त्याला थेरपिस्टनं बजावलंय, त्यामुळे एकेक आकडा लिहायला वेळ लागतो, आम्ही थांबतो.

काकांच्या दोन महिन्यांचे पैसे कालच जमले. सोमवारपासून ते परत येऊन राहिले.