पहिल्या केमोच्या आधीचे दोन आठवडे

गुरुवार, रात्र

"एक आहे ना पदरात, आता स्वतःचा जीव बघ." स्तनाचा कॅन्सर निघालेल्या तरुण आईला हे वाक्य घरचे ऐकवतात, शेजारपाजारचे ऐकवतात, कधी ओपीडीतही ते कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण दुसऱ्या मुलाचा प्रश्न तिच्या ओठांवर येण्याआधीच मिटून जातो. आणि तो विचारायची खरी वेळ एकच, केमोची पहिली सलाईन लागण्याआधीची. स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवायची, तर ती तेव्हाच.

समजा, आई 32 वर्षांची आहे. बाळ अजून अंगावर पितंय. गाठ दुधाचीच असेल म्हणून दोन-तीन महिने निघून गेले. बायोप्सीत हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी, आणि हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह आलं. आधी केमो, मग ऑपरेशन, रेडिएशन आणि त्यानंतर 5 ते 10 वर्षं हार्मोनच्या गोळ्या, असा बेत ठरला. इथे नुकसान दोन वाटांनी होतं. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध बीजकोशातल्या बीजांचा झोपलेला साठाही मारतं. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी साठा जाळत नाही, पण ती चालू असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग येण्याची भीती असते, म्हणून वर्षं थांबावं लागतं. 32 मध्ये 5 वर्षं मिळवली की उत्तर कोणाच्याही लक्षात येईल. पाळी परत आली म्हणजे सगळं पूर्ववत झालं, ही समजूत तर फारच महागात पडते. पाळी येते, साठा मात्र कमी झालेला असतो.

म्हणून निदान कळलं त्याच आठवड्यात ऑन्कोलॉजिस्टकडून वंध्यत्वतज्ज्ञाची चिठ्ठी मागावी. ए.एम.एच. या बीजकोशातल्या हार्मोनची रक्ततपासणी आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या छोट्या फॉलिकल्सची, म्हणजे बीजांच्या पिशव्यांची मोजणी, एवढ्यावर साठ्याचा अंदाज येतो. पूर्वी पाळीच्या दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागायची. आता बीजं वाढवणारी हार्मोनची इंजेक्शनं महिन्यातल्या कोणत्याही दिवशी सुरू करता येतात आणि 10 ते 14 दिवसांत बीजं काढून होतात. स्कॅन, हृदयाची टू-डी इको, केमोसाठी छातीत कातडीखाली पोर्ट बसवणं हे सगळं त्याच दिवसांत उरकता येतं, त्यामुळे बहुतेक वेळा केमो लांबत नाही.

"गाठ हार्मोनवर वाढते आणि तुम्ही हार्मोनच देणार?" ही शंका रास्तच आहे. त्यासाठी इंजेक्शनांबरोबर रोज लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन बनणं रोखणारी गोळी देतात, सहसा 5 मिलिग्रॅम. बीजं वाढतात, रक्तातलं इस्ट्रोजेन मात्र आटोक्यात राहतं. बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शनही एचसीजी या हार्मोनचं न देता, शरीराकडूनच तसा हार्मोन सोडवून घेणाऱ्या अ‍ॅगोनिस्टचं देतात, कारण एचसीजीने पोटात पाणी भरण्याचा धोका वाढतो, आणि पोट फुगलं की केमो पुढे ढकलली जाते.

घरी घोटाळे होतात ते साध्या गोष्टींत. इंजेक्शनाचं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायला सांगितलं असेल तर ते फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावं. फ्रीझरमध्ये गोठलेलं औषध वाया जातं. एसटीने तालुक्याहून शहरात न्यायचं असेल तर पेन आणि बर्फाची पिशवी यांच्यामध्ये टॉवेल हवा. टोचताना बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाची कातडी चिमटीत धरायची. शेवटच्या इंजेक्शनाची वेळ मात्र मिनिटांवर पाळायची, कारण त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी भूल देऊन बीजं काढतात. ते रात्री साडेनऊला सांगितलं आणि बाळाला झोपवता झोपवता साडेअकरा वाजले, तर तसं लगेच फोन करून कळवावं. लपवलं तर सगळं चक्र हातचं जाऊ शकतं.

दूधही याच दिवसांत तोडायचं असतं. केमो चालू असताना पाजता येत नाही. एकदम बंद केलं तर छाती दगडासारखी होते, ताप येतो. जमेल तसं दर दोन दिवसांनी एक पाजणं कमी करत जावं. एकीकडे पोटावर सुया आणि दुसरीकडे मांडीवर दुधासाठी रडणारं पोर, हे किती कठीण आहे ते घरच्यांनी समजून घ्यायला हवं.

केमोच्या काळात बीजकोशाला तात्पुरतं झोपवणारं एक इंजेक्शनही देतात: गोसेरेलिन, 3.6 मिलिग्रॅम, दर 28 दिवसांनी, केमोच्या निदान एक आठवडा आधीपासून. याने बीजकोशाला थोडं संरक्षण मिळतं. पण 'हे इंजेक्शन घेतलं, आता बीजं गोठवायला नकोत' असा सल्ला मला पटत नाही. ते सोबतीला ठीक, बदली म्हणून पुरेसं नाही.

मुलासाठी हार्मोनच्या गोळ्या मध्येच थांबवाव्यात का, यावरच्या 'पॉझिटिव्ह' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. 516 स्त्रियांनी 18 ते 30 महिने हार्मोन उपचार घेतल्यावर मुलासाठी ते दोन वर्षांपर्यंत थांबवले. तीन वर्षांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण 8.9 टक्के होतं, तुलनेतल्या गटात 9.2. याने मोठा धीर मिळतो. तरीही त्यात बहुतेक जणी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या होत्या आणि पाठपुरावा साडेतीन वर्षांच्या आसपासचा. हा आजार दहा वर्षांनीही परततो. काखेतल्या बऱ्याच गाठींत कॅन्सर सापडला असेल तर हेच आकडे तिच्यापुढे छातीठोकपणे ठेवू नयेत.

आणि तिला दुसरं मूल नकोच असेल, तर तिथेच थांबावं. नकाराची कारणं मागू नयेत.

बीज गोठवायचं की गर्भ, हेही शांतपणे ठरवावं. बीज तिचं एकटीचं असतं. गर्भावर दोघांच्या सह्या लागतात, आणि कृत्रिम गर्भधारणेवरच्या 2021 च्या कायद्याने तो जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतो. संमतिपत्रात एक रकाना असतो, दोघांपैकी एकजण गेल्यास गर्भाचं काय करायचं याचा. तो भूल द्यायच्या दिवशी घाईघाईत भरून घेऊ नये. कागद आदल्या दिवशी घरी मागून घ्यावा, दोघांनी सोबत बसून वाचावा.