तिथीची पाऊणपट

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात मी पर्यावरणशास्त्र शिकवते आणि दर मार्चमध्ये बारा-चौदा मुलं घेऊन तीन आठवडे कोकणात येते. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं, बरीचशी पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली. "एवढ्या लांब गेलीस आणि शिकवायला परत केळशीतच येतेस?" असं मावशी दर वर्षी विचारते. तिला नीट उत्तर द्यायचं राहून जातं, म्हणून लिहितेय.

तयारी ऑगस्टपासूनच सुरू होते. व्हिसा, विमा, लसी, मोठं हॉस्पिटल किती तासांवर आहे, हे सगळं ठरलेलं. ॲलर्जीचा कागद मात्र मी दोनदा वाचते, कारण आपण येतो तेव्हा काजूचा हंगाम असतो. दुसऱ्या वर्षी एका मुलीने ओली काजूबी नखाने सोलली आणि संध्याकाळपर्यंत तिची बोटं फोडांनी भरली. काजू, आंबा आणि तिकडचं पॉयझन ओक एकाच कुळातले. ज्याला तिकडे त्या झुडपाचा त्रास होतो त्याने इथे काजूच्या टरफलापासून आणि आंब्याच्या चिकापासून जपायला हवं. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण लांबच्या प्रवासाने डोळे मिटत असलेल्या मुलांना यादी वाचून दाखवण्यात काय अर्थ? आता मी त्यांना झाडाखाली नेते, बोंडाला लटकलेली बी दाखवते आणि तिथेच सांगते.

खाडीचं वेळापत्रक मी पहिल्या वर्षी तिकडूनच करून आणलं होतं. सकाळी आठ वाजता तिवरांच्या वनात दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, झाडं मोजायची, रोपं मोजायची. आठला पोचलो तर खाजणात पाणी कमरेएवढं. होडी बांधत असलेले एक तात्या म्हणाले, "बाय, आज दशमी ना? मग आत्ता कशाला आलीस? पावणेदोनशिवाय पाणी सुकायचं नाही."

त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. दशमीची पाऊणपट साडेसात. सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमी असेल तर भरती सहाला आणि पाणी उतरणार बाराच्या सुमारास. मी हा आडाखा लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकला होता आणि पार विसरले होते. मुलांनी मोबाईलवर भरतीचं कोष्टक उघडून ताडून पाहिलं, थोड्याफार मिनिटांच्या फरकाने जुळलं. मग फळा नसल्यामुळे ओल्या वाळूवर काठीने गणित मांडलं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, पंधरवड्यात घड्याळाच्या काट्याचा एक फेरा पुरा होतो. बारा तास भागिले पंधरा तिथी म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाऊण तासच की! चंद्र, पृथ्वी आणि खाडी, तिन्ही त्या एका अपूर्णांकात बसलेली. माझ्या स्लाइड्समधून हे मुलांना इतकं कधीच कळलं नव्हतं. तेव्हापासून वेळापत्रक पंचांग समोर ठेवून होतं आणि पहिला तास तात्यांचा असतो. त्यांना मानधनही मिळतं, कॉलेजातल्या पाहुण्या वक्त्याला मिळतं तसंच. त्यासाठी मला तिकडे बरेच कागद रंगवावे लागले.

दोन दिवस वेळासला जातो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून इथे गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. अंडी कुंपणात हलवतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, हे वर्गात शिकलेली मुलं इथे वाळूवर हात ठेवून गप्प बसतात. कासवाला हात लावायचा नाही, दोरीमागे उभं राहायचं, एवढंच काम. यंदा पिल्लांवरची टोपली उचलायच्या आधी एका मुलाच्या लक्षात आलं की आपल्या बुटांचे खड्डे पिल्लांच्या वाटेत आहेत. सगळी मुलं गुडघ्यांवर बसली आणि तळहातांनी वाळू सपाट करत पाण्यापर्यंत गेली. मग मागे येऊन उभी राहिली. पिल्लू थांबत, मान वर करत, पुन्हा सरपटत गेलं. त्याला आठ-नऊ मिनिटं लागली.

गेल्या आठवड्यात त्याच मुलाची मेल आली. त्याने खोलीत मराठी कॅलेंडर टांगलंय. लिहितो, "आमच्या किनाऱ्यावर पाऊणपट चुकते. भरती वेगळ्या वेळी येते आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात. इथल्या म्हाताऱ्या कोळ्यांना विचारायला जाऊ का?"

मी लिहिलं, जा. आणि जाताना ओहोटीची वेळ बघून जा.